सीमाभागात हक्कांचे निवेदन लिहिताना: नव्याने लेखणी हाती घेणाऱ्यांसाठी

कर्नाटकातल्या बेळगाव सीमाभागातल्या मराठी माणसाला निवेदन ही काही नवी गोष्ट नाही. गावचे युवक मंडळ असो, शाळेची एसडीएमसी (शाळा विकास व देखरेख समिती) असो किंवा महाराष्ट्र एकीकरण समितीची एखादी शाखा असो, लेटरहेडवर चार परिच्छेद, खाली सह्या, डीसी (जिल्हाधिकारी) ऑफिसच्या पायऱ्यांवर निवेदन देतानाचा फोटो आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात दोन कॉलमी बातमी, एवढ्यात बहुतेक निवेदनांचे आयुष्य संपते. मंडळात नव्याने आलेल्या आणि अक्षर बरे आहे म्हणून लिहिण्याचे काम गळ्यात पडलेल्या तरुण मुलामुलींसाठी हा लेख आहे. मी अशी निवेदने बरीच वर्षे लिहीत आलो आहे. ती फाइलीत पडून राहतात याचे खापर आपण नेहमी सरकारवर फोडतो, पण बऱ्याच वेळा त्यांचे लिखाणच असे असते की आपल्या बाजूच्या माणसाखेरीज दुसऱ्या कुणाला ते पटू शकत नाही. हक्कांच्या लढ्यातले लेखन हे मुळात न पटलेल्या माणसासाठी असते आणि पुढच्या सगळ्या पायऱ्या या एकाच गोष्टीभोवती रचल्या आहेत.

१. लिहिण्याआधी एक पत्र नीट वाचा

मार्टिन ल्यूथर किंग यांनी १६ एप्रिल १९६३ ही तारीख घालून बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून लिहिलेले पत्र शोधून वाचा. अमेरिकेच्या अलाबामा राज्यातल्या त्या शहरात वर्णभेदाविरुद्ध निदर्शने चालू होती. न्यायालयाने घातलेली बंदी मोडून किंग मोर्चात उतरले आणि १२ एप्रिलला, गुड फ्रायडेच्या दिवशी, त्यांना अटक झाली. त्याच सुमारास शहरातल्या आठ गोऱ्या धर्मगुरूंचे, त्यांत एक ज्यू धर्मगुरूही होते, संयुक्त पत्रक वर्तमानपत्रात आले. ही निदर्शने अवेळी आहेत, त्यांना बाहेरची माणसे चिथावत आहेत, कृष्णवर्णीयांनी धीर धरावा आणि न्यायालयात दाद मागावी, असा त्याचा सूर होता. किंग यांनी उत्तराची सुरुवात वर्तमानपत्राच्याच कोऱ्या समासात केली आणि पुढे मिळतील त्या कागदांच्या तुकड्यांवर ते लिहीत गेले.

पहिल्या वाचनात ते भावनेने भारलेले वाटते. दुसऱ्या वाचनात पेन्सिल हाती घ्या आणि प्रत्येक परिच्छेदापुढे तो परिच्छेद काय काम करतो ते लिहा: इथे समोरच्याचा आक्षेप सांगितला, इथे तो मान्य केला, इथे उलटवला, इथे कायदा आणला, इथे एक लहान मूल आणले. ही खूणगाठ झाली की रचना डोळ्यांसमोर उभी राहते. आपली परिस्थिती आणि अलाबामाची परिस्थिती यांची बरोबरी मात्र करू नका. तिथे माणसांना झाडाला लटकवले जात होते. आपण त्यांच्याकडून युक्तिवादाची घडण घ्यायची आहे, त्यांच्या दुःखाचा आकार उसना घ्यायचा नाही. निवेदनात स्वतःची तुलना किंग किंवा मंडेला यांच्याशी करणारे वाक्य आले की वाचणारा अधिकारी मनातल्या मनात हसतो, आणि हसलेला वाचक पुढे गांभीर्याने वाचत नाही.

२. मागणी एकच ठरवा आणि ती मान्य करण्याचा अधिकार कुणाला आहे ते पाहा

आपल्याकडचा सर्वांत मोठा सापळा इथेच आहे. ग्रामपंचायतीच्या नोटिसा मराठीतही मिळाव्यात एवढीच मागणी असते, पण निवेदनाची सुरुवात १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपासून होते, मग महाराष्ट्र-कर्नाटक सीमाप्रश्नासाठी नेमलेला महाजन आयोग येतो, मग सर्वोच्च न्यायालयातला खटला येतो आणि खरी मागणी शेवटून दुसऱ्या ओळीत सापडते. महाराष्ट्राने २००४ साली दाखल केलेला सीमाप्रश्नाचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. तुम्ही त्याचा उल्लेख केलात की अधिकाऱ्याला आयते कारण मिळते. प्रकरण न्यायप्रविष्ट असल्याने या स्तरावर निर्णय घेता येत नाही, असा शेरा मारून तो फाइल बंद करतो, आणि तांत्रिकदृष्ट्या त्याचे चुकलेले नसते.

सीमाप्रश्नाविषयी तुमचे जे मत आहे ते ठेवा, त्यासाठी सभा आहेत, मोर्चे आहेत, लेख आहेत. निवेदनात मात्र तेच मागा जे समोरचा माणूस आपल्या सहीने देऊ शकतो. शाळेत मराठी शिक्षक हवा असेल तर गटशिक्षणाधिकारी, पंचायतीची नोटीस असेल तर पीडीओ (पंचायत विकास अधिकारी) आणि त्यांच्या वर तालुका पंचायत, जमिनीच्या उताऱ्यासंबंधी असेल तर तहसीलदार. एका निवेदनात बारा मागण्या घातल्या तर सगळ्यांत सोपी एक मान्य करून उरलेल्या अकरा विसरण्याची मोकळीक आपणच देतो.

३. वस्तुस्थिती गोळा करा

किंग यांनी अहिंसक मोहिमेच्या चार पायऱ्या सांगितल्या आहेत: अन्याय खरोखर आहे का याची माहिती जमवणे, वाटाघाटी, आत्मशुद्धी आणि मग प्रत्यक्ष कृती. आपल्याकडे बहुतेक वेळा चौथीपासून सुरुवात होते. पहिली पायरी कंटाळवाणी आहे, पण निवेदनाचे वजन तिच्यावरच ठरते. पुढील गोष्टी एका फाइलीत लावून घ्या:

- ज्या नोटिशीबद्दल, फलकाबद्दल किंवा अर्जाबद्दल तक्रार आहे त्याची छायाप्रत किंवा तारखेसह काढलेला फोटो.
- तालुक्यातील मराठी मातृभाषा असलेल्या लोकांचा आकडा. जनगणनेच्या सी-१६ या तक्त्यात तो मिळतो. २०११ नंतरची जनगणना प्रसिद्ध झालेली नसल्याने वर्ष स्पष्ट लिहा.
- याच विषयावर पूर्वी दिलेल्या निवेदनांच्या पोच असलेल्या प्रती आणि आलेली उत्तरे.
- शाळेचा विषय असेल तर इयत्तावार पटसंख्या, मुख्याध्यापकांच्या सहीशिक्क्यानिशी.
- ज्यांच्या बाबतीत प्रत्यक्ष गैरसोय घडली अशा दोन-तीन व्यक्तींची लेखी हकिकत आणि ती वापरण्यास त्यांची संमती.

पूर्वीच्या निवेदनावर काय कार्यवाही झाली हे कळत नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. शुल्क १० रुपये आहे आणि सर्वसाधारणपणे ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. अर्जात “का” विचारू नका, कागद मागा: अमुक तारखेच्या निवेदनावरील टिपणी, शेरे आणि पुढील पत्रव्यवहाराच्या प्रती. “का” या प्रश्नाला उत्तर देणे टाळता येते, कागदाची प्रत देणे टाळणे अवघड जाते.

४. खरा वाचक कोण ते ठरवा

निवेदनाच्या वर “प्रति” म्हणून एकाचे नाव असते आणि ते वाचतात दुसरेच. आधी टपाल घेणारा लिपिक वाचतो, मग विषय हाताळणारा कारकून त्यावर टिपणी लिहितो, मग पत्रकार, मग शेजारच्या गल्लीतला कन्नड भाषिक गृहस्थ, आणि प्रकरण वर गेले तर एखादा वकील किंवा न्यायाधीश. यांतला एकही जण तुमचा शत्रू नाही आणि एकही जण तुमच्या बाजूचाही नाही. किंग यांचे पत्र आठ धर्मगुरूंना उद्देशून आहे, परंतु ते घडवले आहे ते बाहेरून पाहणाऱ्या लाखो सज्जन, सावध, भांडण नको म्हणणाऱ्या लोकांसाठी. म्हणूनच आरंभी ते त्या आठ जणांच्या प्रामाणिक हेतूवर विश्वास दाखवतात. हा निव्वळ शिष्टाचार नव्हता. जो वाचक स्वतःला त्या आठ जणांसारखाच समजतो, त्याला पहिल्याच ओळीत हाकलून दिले तर पुढचे सगळे पत्र कुणासाठी लिहायचे?

स्वतः कोण आहात हेही आरंभीच सांगा. महात्मा फुले यांनी १८८२ साली हंटर शिक्षण आयोगाला दिलेले निवेदन पाहा. आपण शाळा काढल्या, चालवल्या, या विषयाचा आपल्याला प्रत्यक्ष अनुभव आहे, हे ते आधी नोंदवतात आणि मगच सरकारच्या शिक्षण धोरणावर टीका करतात. सरकारच्या तिजोरीत मोठा भाग रयतेच्या श्रमातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या वाट्याला जातो, हा त्यांचा मुद्दा आजही जसाच्या तसा कामाला येतो. घरपट्टी आणि पाणीपट्टी भरणारा माणूस भीक मागत नाही, हिशोब मागतो, एवढे त्यातून आपोआप सांगितले जाते.

५. आधार समोरच्याच्या घरातला द्या

आपण ज्याला मानतो त्याचा दाखला देऊन आपलीच माणसे टाळ्या वाजवतात. न पटलेल्या माणसाला पटवायचे तर तो ज्याला मानतो त्याचा दाखला लागतो. धर्मगुरूंशी बोलताना किंग यांनी संत ऑगस्टीन आणि अक्वायनस पुढे केले, ज्यू तत्त्वज्ञ मार्टिन ब्यूबर पुढे केले, आणि अतिरेकी म्हणणाऱ्यांना विचारले की येशू, संत पॉल, लिंकन, जेफरसन यांना तुम्ही काय म्हणाल. प्रत्येक नाव वाचणाऱ्याच्या देव्हाऱ्यातले होते.

महाडच्या लढ्याची उभारणीही याच पायावर आहे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत असा ठराव मुंबई कायदे कौन्सिलने १९२३ सालीच केला होता आणि महाड नगरपालिकेनेही चवदार तळे खुले असल्याचे ठरवले होते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आणि त्यांचे सहकारी तळ्यावर गेले तेव्हा ते नवा हक्क मागत नव्हते, सरकारने आणि पालिकेने कागदावर दिलेला हक्क बजावत होते. तळ्याचा खटला पुढे दहा वर्षे चालला आणि १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयात अस्पृश्यांच्या बाजूने निकाल लागला.

बेळगावात कर्नाटक सरकारच्या अधिकाऱ्यापुढे सर्वांत भक्कम आधार भारताच्या संविधानाचाच आहे. पुढील तरतुदी पाठ असू द्या, पण निवेदनात मागणीला लागू पडणारी तेवढीच घाला.

अनुच्छेद ३५० नुसार कोणत्याही गाऱ्हाण्यासाठी संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत निवेदन देण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. म्हणजे मराठी निवेदन नाकारता येत नाही. पण त्याचे उत्तर मराठीतच मिळेल असे हा अनुच्छेद म्हणत नाही, आणि तसा दावा करणारी निवेदने पहिल्याच फेरीत मार खातात. अनुच्छेद ३५०-क भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याच्या सोयींविषयी आहे, तर ३५०-ख भाषिक अल्पसंख्याकांसाठीच्या विशेष अधिकाऱ्याविषयी, म्हणजेच भाषिक अल्पसंख्याक आयुक्तांविषयी. हे दोन्ही १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने आले, म्हणजे ज्या पुनर्रचनेने हा प्रश्न निर्माण केला तिच्या सोबतच.

याशिवाय केंद्राने मान्य केलेली भाषिक अल्पसंख्याकांच्या संरक्षणाची योजना आहे. जिल्ह्यात किंवा त्याहून लहान घटकात किमान १५ टक्के लोकांची जी भाषा असेल तिच्यात महत्त्वाचे नियम व सूचना प्रसिद्ध कराव्यात, आणि एका वर्गात १० किंवा संपूर्ण शाळेत ४० विद्यार्थी असतील तर त्या भाषेतून शिकवण्यासाठी किमान एक शिक्षक द्यावा, असे ती सांगते. सी-१६ तक्त्यातला आकडा आणि शाळेची पटसंख्या मिळवायची ती याचसाठी. आकडा १५ टक्क्यांच्या वर आहे एवढे एक वाक्य, सोबत तक्त्याची प्रत जोडून, दोन पानी भाषणबाजीपेक्षा जड पडते. ही योजना म्हणजे कायदा नव्हे, हे विसरू नका. “कायद्याने बंधनकारक” असे न लिहिता “मान्य केलेल्या संरक्षण योजनेनुसार” असे लिहा.

६. त्यांचा आक्षेप तुम्हीच आधी मांडा

हे करायला नवखे लिहिणारे सर्वाधिक कचरतात. विरोधी मुद्दा आपल्याच कागदावर कशाला लिहायचा, असे वाटते. परंतु तो मुद्दा वाचणाऱ्याच्या मनात आधीच असतो. तो कुणी बोलून दाखवला नाही तर वाचणारा समजतो की आपल्याकडे उत्तर नाही.

आपल्याला नेहमी ऐकावे लागणारे आक्षेप तीन. पहिला, कर्नाटकात राहता तर कन्नड शिका. याचे उत्तर रागाने देऊ नका, कारण बहुतेक मराठी शाळांतली मुले कन्नड शिकतातच आणि बाजारात आपण सगळेच ती बोलतो. तेच लिहा: आम्ही कन्नड शिकतो, शिकत राहू, राज्याच्या भाषेचा आम्हाला आदर आहे, आणि ज्यांचे शिकण्याचे वय सरले अशा वृद्धांना सरकारी कागद समजावा एवढेच आमचे मागणे आहे. दुसरा आक्षेप, मराठीत दिले तर खर्च आणि काम वाढते. इथे एका नोटिशीचा द्विभाषिक नमुना स्वतः तयार करून जोडा, म्हणजे कामाचा आकार डोळ्यांनी दिसेल. तिसरा, ही वेळ नाही, वातावरण तापलेले आहे. किंग यांच्या पत्राचा गाभा याच आक्षेपाभोवती आहे: थांबा याचा अर्थ बहुतेक वेळा कधीच नाही असा निघतो, हे ते म्हणतात. पण ते म्हणण्याआधी वाटाघाटीत दिलेली कोणती आश्वासने कशी मोडली, दुकानांवरच्या अपमानास्पद पाट्या कशा पुन्हा लागल्या, याची हकिकत ते देतात. तुम्हीही आधी पूर्वीच्या निवेदनांच्या तारखा ओळीने द्या.

७. अन्याय हा शब्द न वापरता अन्याय दाखवा

त्या पत्रात एक प्रचंड लांब वाक्य आहे. इंग्रजीत ते तीनशेहून अधिक शब्दांचे भरते. झुंडीने केलेल्या हत्या, पोलिसांची मारहाण, गरिबी असे एकामागून एक येत असतानाच अचानक किंग यांची सहा वर्षांची मुलगी येते. जाहिरातीत पाहिलेल्या करमणूक बागेत आपल्याला का जाता येत नाही असे ती विचारते, आणि उत्तर देताना बापाची जीभ अडखळते. वाक्य संपतच नाही, आणि तोवर वाचणाऱ्यालाही वाट पाहणे म्हणजे काय ते अंगावर आलेले असते.

आपल्याकडचा नेहमीचा परिच्छेद असा असतो:

“गेली अनेक दशके सीमाभागातील मराठी भाषिकांवर घोर अन्याय होत असून प्रशासन झोपेचे सोंग घेत आहे. शासनाने याची त्वरित दखल घ्यावी, अन्यथा तीव्र आंदोलन छेडण्यात येईल.”

यात एकही गोष्ट तपासता येत नाही आणि म्हणून नाकारावीही लागत नाही. त्याऐवजी, नमुन्यादाखल, असे लिहून पाहा:

“आमच्या गावातील सत्तरी उलटलेल्या एका विधवा शेतकरी महिलेला ग्रामपंचायतीची घरपट्टीची मागणी नोटीस आली. ती केवळ कन्नडमध्ये असल्याने त्यांना वाचता आली नाही. शेजारचा सातवीतला मुलगा आजोळाहून परतल्यावर त्याने ती वाचून दाखवली, तेव्हा भरण्याची मुदत दोन दिवसांपूर्वी संपली होती. त्यांनी दंडासह रक्कम भरली. नोटीस आणि पावती यांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत.”

अन्याय, गळचेपी, दडपशाही यांपैकी एकही शब्द इथे नाही. नोटिशीवरची आणि पावतीवरची तारीख वाचणारा स्वतः ताडून पाहतो आणि स्वतःच ठरवतो. अर्थात घडलेली गोष्टच लिहायची. एक हकिकत रचलेली निघाली तर पुढच्या दहा खऱ्या हकिकतींवर कुणी विश्वास ठेवत नाही.

८. शब्दांवर लगाम

भाषेच्या आधारावर गटागटांत वैर वाढवणारे लेखन भारतीय न्याय संहितेच्या कलम १९६ खाली गुन्हा ठरू शकते. पूर्वीच्या दंडसंहितेतले १५३-अ ते हेच. म्हणून सरकारच्या निर्णयावर कितीही कडक लिहा, पण कन्नड भाषा, कन्नड माणूस किंवा त्यांची दैवते यांच्यावर एक शब्दही नको. व्हॉट्सअ‍ॅपवर पुढे ढकलायच्या मजकुराला हा नियम अधिकच लागू आहे, कारण तिथला रागाच्या भरातला एक संदेश संपूर्ण मंडळाच्या गळ्यात पडतो.

१ नोव्हेंबरचे पत्रक लिहिताना ही कसोटी सर्वांत कठीण होते. एकाच दिवशी शहरात कर्नाटकाच्या स्थापनेच्या राज्योत्सवाची मिरवणूक असते आणि सीमाभाग त्या राज्यात गेल्याच्या निषेधार्थ आपण काळा दिन पाळतो. अशा वेळी फ्रेडरिक डग्लस यांचे भाषण आठवावे. गुलामीतून निसटलेल्या या वक्त्याला अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनानिमित्त न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर शहरात बोलावले होते. त्यांनी ५ जुलै १८५२ रोजी ते भाषण केले. सुरुवातीला त्यांनी देशाच्या संस्थापकांचा मोकळ्या मनाने गौरव केला, स्वातंत्र्याच्या तत्त्वांना दाद दिली, आणि मग सांगितले की हा सण तुमचा आहे, माझा नाही. गुलामी चालू असताना तो सोहळा ढोंग ठरतो, असे ते कठोरपणे म्हणाले, पण संस्थापकांच्या तत्त्वांची टर त्यांनी उडवली नाही. उलट सण जितका थोर, तितके त्यातून वगळले जाणे बोचरे, असा तो युक्तिवाद होता. आपल्या पत्रकातही राज्योत्सवाची चेष्टा करणारी एक ओळ घातली की उरलेल्या पंचवीस ओळी वाया गेल्या असे समजा.

९. शेवटचा परिच्छेद: मागणी, मुदत आणि पुढचे पाऊल

गांधीजींनी २ मार्च १९३० रोजी व्हाइसरॉय आयर्विन यांना लिहिलेल्या पत्राची सुरुवात “प्रिय मित्र” अशी आहे. पत्रात व्हाइसरॉयचा पगार महिना २१,००० रुपये, म्हणजे दिवसाला ७०० हून अधिक, आणि भारतीयाचे सरासरी उत्पन्न दिवसाला दोन आण्यांहूनही कमी, असे आकडे शेजारी शेजारी ठेवले आहेत. दोष माणसाचा नसून व्यवस्थेचा आहे, हेही त्यांनी लगेच स्पष्ट केले. शेवटी काहीच झाले नाही तर कोणत्या तारखेनंतर मिठाचा कायदा मोडणार, तेही आधीच कळवून टाकले. धमकी आणि पूर्वसूचना यांतला फरक इथे शिकावा. “तीव्र आंदोलन छेडू” यात तारीख नाही, कृती नाही. “३० दिवसांत कार्यवाही न झाल्यास आम्ही भाषिक अल्पसंख्याक आयुक्तांकडे तक्रार नोंदवू आणि परवानगी घेऊन तालुका पंचायतीसमोर एक दिवसाचे धरणे धरू” यात दोन्ही आहे. जे खरोखर करणार आहात तेवढेच लिहा.

१०. दाखल करणे आणि मागे लागणे

मूळ निवेदन मराठीत ठेवा आणि सोबत कन्नड अनुवाद जोडा. काही कार्यकर्त्यांना हे माघार घेतल्यासारखे वाटते. मला तसे वाटत नाही. टिपणी लिहिणाऱ्या कारकुनाला तुमचा मुद्दा समजला नाही तर तो त्याला सोयीचे तेवढेच लिहील. अनुवाद जाणकाराकडून तपासून घ्या, कारण मराठीत “विनंती” आणि कन्नडमध्ये “आग्रह” असे झाले तर भांडण अनुवादावरच सुरू होते. पत्त्याच्या जागी कार्यालयाचे अधिकृत नाव आणि “बेळगावी” असेच लिहा. तिथे “बेळगाव” लिहून काही साधत नाही.

दोन प्रती न्या. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याखेरीज टपाल विभागातून हलू नका. फोटो काढायचा असेल तर त्यानंतर काढा. साहेबांच्या हातात दिलेले आणि आवक नोंद नसलेले निवेदन कागदोपत्री दिलेलेच नसते. प्रत्येक पानाला क्रमांक घाला, सहपत्रांची यादी जोडा आणि सही करणाऱ्यांचे पूर्ण नाव व गाव लिहून घ्या.

मुदत संपताच स्मरणपत्र द्या. ते एका पानाचे असावे, त्यात नवा युक्तिवाद नसावा, केवळ पहिल्या निवेदनाचा आवक क्रमांक, तारीख आणि उलटलेले दिवस असावेत. त्यालाही उत्तर आले नाही तर सगळी फाइल भाषिक अल्पसंख्याक आयुक्तांकडे पाठवा. त्यांचे अहवाल राष्ट्रपतींच्या आदेशाने संसदेच्या दोन्ही सभागृहांपुढे ठेवले जातात आणि संबंधित राज्य सरकारलाही पाठवले जातात. त्यामुळे एखाद्या गावच्या नोटिशीची नोंद तिथवर पोहोचू शकते, मात्र कागद क्रमाने लावलेले हवेत. निवडणूक झाली किंवा मंडळाचे पदाधिकारी बदलले की जुन्या फाइली जुन्या अध्यक्षाच्या घरी राहतात आणि नवा माणूस पुन्हा पहिल्यापासून लिहू लागतो. म्हणून प्रत्येक कागद स्कॅन करून मंडळाच्या सामाईक ईमेलवर ठेवा आणि त्याचा पासवर्ड किमान तिघांकडे असू द्या.